नाव तळ्यात, रिमोट कुणाच्या हातात?

मुलांच्या हातातल्या मोबाइलबद्दल आम्ही मागच्या अंकात लिहिले, त्यावर चिपळूणच्या एका भगिनीचे चार ओळींचे पत्र आले. "चाचा, तुमचं ऐकून मोबाइल काढून घेतला. आता मुलाच्या रिकाम्या हातात काय देऊ, तेही लिहा." प्रश्न रास्त आहे. काढून घ्या म्हणणे सोपे, द्यायचे काय हे सांगणे अवघड. उपदेशाला आमच्याकडे तोटा नाही, पण या वेळी तो बाजूला ठेवतो आणि आमच्याच घरात घडलेले सांगतो. त्यात आमची चूक आहे, तीही लपवत नाही.

आमचा मुलगा दोह्याला नोकरीला असतो. सून आणि दहा वर्षांचा नातू आमच्याजवळ, कोल्हापुरात. गेल्या रमजान ईदला मुलगा येणार होता, पण रजा मंजूर झाली नाही. तो आला नाही, त्याच्या मित्राबरोबर एक लांबट खोका आला. त्यात रेडिओवर चालणारी शिडाची नाव होती. नातवाने खोका पाहिला आणि न उघडताच पलंगाखाली सरकवला. दादीने विचारले तर म्हणाला, "अब्बू आले की उघडू." ईद झाली, शिरखुर्मा संपला, परीक्षाही आटोपली. खोका पलंगाखालीच.

एप्रिलच्या सुटीत एका दुपारी आम्हीच तो ओढून काढला. म्हटले, "हे बघ, आमचे वडील तांडेल होते. त्यांचा नातू दोह्याला गेला, पणतू कोल्हापुरात राहिला, आणि घरात आलेली नाव पलंगाखाली? त्यांना कळले असते तर काय म्हणाले असते?" पोरगा जवळ सरकला. दोन दिवस आम्ही दोघे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ती नाव जोडत होतो.

नाव ६५ सेंटिमीटर लांब. दोन शिडे, एक डोलकाठी, मागे सुकाणू. खाली माशाच्या परासारखी पट्टी आणि तिच्या टोकाला शिशाचा गोळा. वाऱ्याने नाव कलंडली की तो गोळा तिला पुन्हा उभी करतो. पोटात एक छोटी बॅटरी, रेडिओचा संदेश पकडणारा रिसीव्हर आणि दोन छोट्या मोटारी. एक मोटार सुकाणू फिरवते, दुसरी शिडाची दोरी सैल करते किंवा ओढते. नावेला पुढे ढकलणारी मोटार मात्र नाही. ते काम वाऱ्याचे. हातातल्या रिमोटवर दोन दांड्या, एक सुकाणूची आणि एक शिडाची. बस्स, एवढाच कारभार.

जोडता जोडता शब्दांच्या गोष्टी निघाल्या. सुकाणू हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला. खलाशीही अरबीच. बंदर फारसी. आणि इंग्रजी शाळेत नातू ज्याला 'मान्सून' म्हणायला शिकला, तो आपला 'मौसम', पोर्तुगिजांच्या तोंडून फिरून आलेला. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की आपल्या किनाऱ्याची गलबते अरबस्तानाकडे निघत आणि वारा फिरला की परत येत. नातवाने विचारले, "म्हणजे तेव्हाही अब्बू लोक तिकडेच जायचे?" आम्ही म्हटले, "जायचे. आणि परत यायचा दिवस वारा ठरवायचा." तो म्हणाला, "आता कंपनी ठरवते." आम्हाला उत्तर सुचले नाही.

रेडिओवर चालणारी नाव ही आजची करामत नाही. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात अशी नाव लोकांसमोर चालवून दाखवली होती. ना दोरी, ना तार. कुणाला जादू वाटली, कुणाला मनाची शक्ती. टेस्लाही मोठा गमत्या. नावेला प्रश्न विचारा म्हणाला. कुणीतरी ६४ चे घनमूळ विचारले, तर नावेवरचा दिवा चार वेळा लुकलुकला, असे सांगतात. दिवा अर्थात तोच लावत होता. त्याच्याही कितीतरी आधी, १२०६ साली, दियारबकीरच्या दरबारातल्या अल-जझरीने यंत्रांवर ग्रंथ लिहिला. त्यात पाण्यावर तरंगत वाद्ये वाजवणाऱ्या चार बाहुल्यांच्या नावेची सगळी जुळणी आहे. नातवाने ही माहिती वहीत उतरवली आणि खाली लिहिले, 'आमची नाव गाणी म्हणत नाही.'

मग असरची नमाज झाली की आम्ही रोज रंकाळ्यावर. मगरिबपर्यंतचा वेळ आमचा.

उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे पश्चिमेकडून वारा येतो. आम्ही शहराच्या बाजूच्या काठावर उभे राहायचो. त्यात एक हिशेब होता, तो मुलाने फोनवर सांगितला होता. वारा आपल्याकडे येत असेल अशा काठावर उभे राहावे. बॅटरी संपली, काही बिघडले, तरी वारा नाव आपल्याच पायाशी आणून देतो. दुसरा नियम, आधी रिमोट चालू करायचा, मग नाव. बंद करताना उलट, आधी नाव, मग रिमोट. आणि नावेच्या पोटाचे झाकण चिकटपट्टीने बंद केल्याशिवाय ती पाण्यात सोडायची नाही.

शिडाच्या नावेचे सगळ्यात नवल हे, की ती वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, पण तिरकी जाऊ शकते. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवायचा, थोडे डावीकडे जायचे, वळायचे, मग थोडे उजवीकडे. असे नागमोडी जात जात वारा जिथून येतो तिथे पोहोचता येते. खालची पट्टी नावेला आडवी सरकू देत नाही, म्हणून हे जमते. नाळ नेमकी वाऱ्यावर आली की मात्र शीड फडफडते आणि नाव जागीच थबकते.

हे सगळे नातवाने पाहिले. पाहिले म्हणतो, कारण रिमोट आमच्या हातात होता. पहिल्या दिवशी आम्ही म्हटले, "आधी आम्ही शिकतो, मग तुला देतो." दुसऱ्या दिवशी, "आज वारा जास्त आहे." तिसऱ्या दिवशी, "महागाची वस्तू आहे, बुडवशील." तो काही बोलायचा नाही. गुडघ्यांवर हनुवटी टेकून पायरीवर बसायचा आणि पाण्याकडे बघायचा. आम्हाला वाटायचे, पोरगा किती समजूतदार.

पाचव्या दिवशी नाव परत येत होती. इथे एक गोम आहे. नाव आपल्यापासून लांब जात असते तेव्हा तिचे डावे ते आपले डावे. ती आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की तिचे डावे आपल्याला उजवीकडे दिसते. नवख्याचा हात इथेच चुकतो. आमचाही चुकला. काठापासून थोड्या अंतरावर शेवाळाचा हिरवा पट्टा होता. नातू ओरडला, "दादा, दुसरीकडे! दुसरीकडे!" आम्ही नेमकी उलट दांडी दाबली. नाव शेवाळात घुसली, खालची पट्टी गुंतली, आणि वाराही तिला हलवेना.

आम्ही रिमोटशी झटत होतो. मान वर केली तर नातू पाण्यात. गुडघ्यापर्यंत. पुढची पायरी हिरवीगार, निसरडी, आणि तिच्यापुढे किती खोल याचा अंदाज नाही. आम्ही धावलो, दंडाला धरून त्याला ओढले, आणि आमचा हात उठला. चारचौघांत त्याच्या गालावर बसला.

गळ टाकून बसलेल्या एका माणसाने काही न बोलता आपली दोरी नावेच्या पलीकडे फेकली आणि हळूहळू ओढत नाव काठाला आणून दिली. आम्ही शुक्रिया म्हटले. तो एवढेच म्हणाला, "पोरगं तुमच्याच नावेसाठी उतरलं होतं, चाचा." घरी येईपर्यंत नातू एक शब्द बोलला नाही. भेळेच्या गाड्याकडेही त्याने पाहिले नाही.

रात्री दादीने विचारले, "भीतीने मारलंत की रागाने?" आम्ही म्हटले, "भीतीने." ती म्हणाली, "मग ते त्याला सांगा. गालाला फरक कळत नाही."

आम्ही त्याच्या अंथरुणाजवळ बसलो. माफी मागायला शब्द जुळवावे लागले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही या कामाचा सराव नसतो. म्हटले, "आमचे वडील सांगायचे, गलबत गेले तर पुन्हा बांधता येते, माणूस नाही. आज आम्हाला तेच आठवले आणि हात उठला. हात उठायला नको होता. चूक आमची." तो छताकडे बघत म्हणाला, "दादा, शेवाळाकडे नाव तुम्हीच नेली. मी सांगत होतो. रिमोट माझ्याकडे असता तर गेली नसती."

खरे होते. पाच दिवस आम्ही दांड्या बघत होतो, तो पाणी बघत होता. वाऱ्याची झुळूक येण्याआधी पाण्यावर काळसर सुरकुत्या सरकत येतात, हे त्याला माहीत झाले होते. शेवाळ कुठे, खडक कुठे, कोणत्या झाडाआड वारा अडतो, सगळे त्याच्या डोक्यात होते. आम्ही त्याच्या हातात काही दिलेच नव्हते. मोबाइल काढून घेतला आणि त्याला आमचा खेळ बघायला बसवले.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून एक वचन घेतले. नाव अडकली, बुडाली, वाहून गेली, काहीही झाले तरी पाण्यात उतरायचे नाही. मग रिमोट त्याच्या हातात दिला आणि आमचे दोन्ही हात कुडत्याच्या खिशात घातले. वाचकहो, खिशातले हात आवरणे हे नाव चालवण्यापेक्षा कठीण आहे. त्याने नाव दोनदा आपटली, एकदा पार आडवी केली. शिशाच्या गोळ्याने ती आपोआप उभी राहिली. येणाऱ्या नावेची अडचण त्याने स्वतःच सोडवली. नाव ज्या दिशेला तोंड करील त्याच दिशेला स्वतः वळून उभा राहायचा आणि मान मागे करून बघायचा. मग डावे ते डावेच राहते.

शुक्रवारी दोह्याला सुटी असते. मुलगा व्हिडिओ कॉलवर आला. आम्ही फोन तळ्याकडे धरला. तिकडून सूचना सुरू झाल्या, "बेटा, डावीकडे घे. शीड ओढ. अरे, डावीकडे!" नातवाने तळ्यावरची नजर न काढता म्हटले, "अब्बू, तिथून सांगू नका ना. वारा इथे आहे. तुम्ही नुसतं बघा."

पडद्यावरचा चेहरा गप्प झाला. आम्हाला वाटले, दुखावला. पण तो तसाच वीस मिनिटे बघत राहिला. रात्री त्याचा निरोप आला, "अब्बा, तो एवढा मोठा कधी झाला?" आम्ही लिहिले, "आम्हालाही याच आठवड्यात कळले."

डिसेंबरात मुलगा महिन्याच्या रजेवर आला. दुसऱ्याच दिवशी बापलेक नाव घेऊन निघाले, मागून आम्ही. मुलगा सवयीने आमच्या नेहमीच्या पायऱ्यांकडे वळला. नातू थांबला. त्याने चिमूटभर सुके गवत उडवून पाहिले. "अब्बू, आता वारा पूर्वेकडून आहे, आपल्या पाठीवरून. इथून सोडली आणि बंद पडली तर पार पलीकडे जाईल. आपण पलीकडच्या काठाला जाऊ." दोह्याला माणसांच्या तुकडीवर हुकूम चालवणारा आमचा मुलगा मुकाट्याने त्याच्यामागे चालू लागला. पलीकडे पोहोचल्यावर नातवाने रिमोट बापाच्या हातात दिला. स्वतःचे हात त्याने पँटच्या खिशात घातले. आमच्याकडे बघून हसला.

आता चिपळूणच्या भगिनीसाठी. अशी नाव महाग असते, प्रत्येक घराला परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. तुमच्याकडे पोफळीची विरी मिळते. तिची होडी करा, काडीची डोलकाठी, प्लास्टिकच्या पिशवीचे शीड, आणि लांब दोरा बांधा. रिमोट नसला तरी वारा तोच. वाशिष्ठीच्या वाहत्या पाण्यात नको, साठलेल्या उथळ पाण्याजवळ जा. मोठे माणूस बरोबर हवेच. मूल पाण्यात उतरणार नाही ही अट घरातून निघतानाच घाला.

मुलाच्या हातात काय द्यायचे, असे तुम्ही विचारले होते. काहीही द्या, पण खरोखर द्या. देऊन झाले की आपले हात खिशात घाला, बहीण. पुढच्या अंकापर्यंत खुदा हाफिज.