ग्रामसभेला जा, आणि शेवटपर्यंत बसा

दिल्लीने राज्यांचे हात बांधून ठेवलेत, ही तक्रार हल्ली कुठल्याही पारावर ऐकू येते. ती खोटी नाही. केंद्र उपकर आणि अधिभार म्हणून जे गोळा करतं, ते राज्यांशी वाटून घ्यायचं बंधन त्याच्यावर नाही. पण आपलं मुंबईचं सरकार गावाशी कसं वागतं, तेही जरा बघा. सरपंच थेट लोकांमधून निवडायचा असं २०१७ मध्ये ठरलं, २०२० मध्ये ते रद्द झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा आलं. दरवेळी मंत्रालयातलं सरकार बदललं, म्हणून गावाचा नियम बदलला. गावाला कुणी विचारलं होतं? शहरांची गत तर याहून वाईट. मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते. तरी पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे एकही नगरसेवक नव्हता. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, हे मान्य. पण तेवढ्या काळात अंदाजपत्रक मांडणारा प्रशासक आणि मंजूर करणाराही तोच.

वरून येणाऱ्या पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१ नंतर ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. दोन्ही कामं गरजेची, वाद नाही. पण एखाद्या गावाची पाण्याची सोय आधीच झालेली असेल आणि ओढ्यावरचा साकव मोडला असेल, तर त्या गावाने काय करायचं?

हे सगळं बोलायलाच हवं. मात्र जो अधिकार आज, कायद्याने, आपल्या हातात आहे तो आपण वापरतो का, हेही विचारायला हवं. मी ग्रामसभेबद्दल बोलतोय. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत जागा मिळाली. मतदारयादीत नाव असलेला गावातला प्रत्येक माणूस तिचा सदस्य आहे. त्याला निवडून यावं लागत नाही आणि पाच वर्षांनी त्याची मुदतही संपत नाही. आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार सभा व्हायला हव्यात. गावाचा विकास आराखडा मंजूर करायचा तो ग्रामसभेनेच, आणि घरकुलापासून अनेक योजनांचे लाभार्थी ठरवायचे तेही तिनेच.

प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. सभेची वेळ सकाळी दहाची. अकरा वाजले तरी सतरंजीवर दहा-बारा माणसं. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण लागतात, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमत नाहीत, म्हणून सभा तहकूब. इथेच खरी गोम आहे, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पुढच्या तारखेला तीच दहा-बारा माणसं बसतात, चहा होतो आणि वर्षाचा आराखडा मंजूर होतो. त्यानंतर वही घरोघर फिरते. ‘इथे सही करा, काही नाही, नेहमीचंच आहे.’ आपण चुलीपुढून उठून सही करतो. इतिवृत्तात आपण हजर!

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव यापेक्षा वेगळं वागलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गोंड गावाची घोषणा. घोषणा कुणीही देतं. मेंढ्याचे लोक तासन्‌तास बसतात. बहुमतावर न भागवता सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात, आणि त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेतात. वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद हाती आला, तरी त्या जंगलातला बांबू बाहेर नेऊन विकायला वाहतूक परवाना लागायचा आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर. गाव अडून राहिलं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेकडे आलं. तेव्हापासून परवाना फाडणारे हात गावाचेच.

प्रत्येक गावाला जंगल नसतं आणि मेंढ्याला लाभलेल्या देवाजी तोफांसारखा नेताही नसतो, हे कबूल. तेवढ्यासाठी थांबू नका. सभेची नोटीस लागली की विषयपत्रिका वाचा. तुमचा विषय असेल तर आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं ‘आयत्या वेळच्या विषयांत’ विरून जातं. सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावा. मागच्या वर्षी मंजूर झालेलं गटार झालं का, बिल किती निघालं, रोकड वहीत काय आहे, हे विचारा. विचारताना आवाज चढवू नका. सरपंच बहुधा तुमच्याच भावकीतला असतो आणि उद्या त्याच्याच शेताच्या बांधावरून जायचं असतं. एकट्याने विचारलं की भांडण ठरतं. पाच-सात जणांनी मिळून विचारलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

बायांनो, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. ती कागदावरच उरकली जात असेल तर आधी ती भरवा. मतदानात आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीच्या चिन्हाला, मतं देऊन गावातलं दारूचं दुकान बंद पाडणाऱ्या बायका याच महाराष्ट्रातल्या आहेत, आणि ती दुकानं सरकारला महसूल देत होती.

शहरातल्या वाचकांना प्रत्यक्षात ग्रामसभेसारखं काही मिळत नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. बाकी ठिकाणी नगरसेवकाला गाठून पुढच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी काय धरलंय ते लेखी मागा. मत मागायला तो दारात आला होता, आता तुम्ही त्याच्या दारात जा.

आणि वही घरी सहीला आली, तर सही करू नका. ‘सभेत येऊन करतो’ म्हणा, आणि खरंच जा. पुढची सभा कधी आहे ते फलकावर दिसलं नाही तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा. पदाचं नाव नवीन आहे, घाबरू नका. ते आपले ग्रामसेवक भाऊसाहेबच.