वहिनी, तुमचं कार्ड काढलंत का?

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या छातीत दुखायला लागलं. दोन दिवस "पित्त झालंय" म्हणत त्या ओवा चघळत बसल्या. तिसऱ्या दिवशी मुलानं जिल्ह्याच्या गावी नेलं, तर अँजिओप्लास्टी लागणार म्हणाले. घरात आयुष्मान कार्डं होती. भाऊंचं होतं, दोन्ही मुलांचं होतं. वहिनींचंच नव्हतं! "मला काय धाड भरलीय, काढू सावकाश," असं त्याच म्हणाल्या होत्या. काउंटरवर चाळीस हजार भरा म्हटलं, वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. आणि त्याच दवाखान्यात जिन्याजवळ आरोग्यमित्राचं टेबल होतं. आधी तिथे जायचं असतं, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नाही.

केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली. आपल्या राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना त्याआधीची, २०१२ पासूनची, तेव्हा नाव वेगळं होतं. आता दोन्ही एकत्र चालतात. पूर्वी पांढऱ्या रेशनकार्डाला यात सरसकट जागा नव्हती; २०२४ पासून तेही आले, आणि मर्यादा वर्षाला पाच लाख झाली. पण हे पाच लाख सगळ्या कुटुंबात मिळून, माणशी नव्हे. कार्ड मात्र माणशी वेगळं. इथेच आपल्या बायकांची गल्लत होते. नवऱ्याचं निघालं की घराचं निघालं, असं आपण धरून चालतो.

आमच्या बचत गटात मी सहज विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणींची कार्डं नव्हती. कारणं ऐका. एकीच्या आधारवर माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर सासरचं. एकीचं नाव लग्नाला सहा वर्षं झाली तरी माहेरच्याच रेशनकार्डावर. दोघीतिघींच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडलेला, मग ओटीपी येणार कुठे? आणि एका मावशींचे अंगठेच मशीन घेईना. भांडी घासून आणि निंदणी करून बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. (अशा वेळी चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते, हे आमच्या केंद्रावरच्या मुलालाही ठाऊक नव्हतं.)

म्हणून आधी आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. जुळत नसेल तर दुरुस्ती आत्ताच करा, तिला दिवस लागतात. मग आशाताईंना किंवा आपले सरकार केंद्रात विचारा. घरात सत्तरीपुढच्या सासूबाई असतील तर त्यांचं कार्ड वेगळं काढून घ्या. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरच्यांना, उत्पन्न कितीही असो, स्वतंत्र पाच लाखांचं संरक्षण आहे.

दवाखाना योजनेतला आहे का, आणि आपल्या आजारासाठी आहे का, हेही विचारायचं. हृदयासाठी असलेला हाडांसाठी नसेलही. साध्या तापाची बाहेरून घेतलेली औषधं यात येत नाहीत. ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठी दाखल व्हावं लागतं. ते झालं की तपासण्या, औषधं, जेवण सगळं त्यातच, परतीचं एसटीचं भाडंसुद्धा. अगदी तातडीची वेळ असेल तर फोनवरून कळवून दाखल करून घेण्याची सोय आहे. पैसे मागितले तर भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन लावा. मी तर हे नंबर गॅसच्या ओट्यावर चिकटवून ठेवलेत, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

वहिनी आता बऱ्या आहेत, हळूहळू जिना चढतात. पाटल्या अजून सुटायच्यात. येत्या शनिवारी गटाच्या बैठकीला आशाताईंना बोलावलंय, आणि सगळ्यात आधी वहिनींनाच बसवायचं ठरलंय. आधारवरच्या नावाची त्यांची दुरुस्ती कालच होऊन आली.