तारेला शिव्या घालण्याआधी

लहान मुलांच्या कोपरात तारा खुपसणं हा निव्वळ रानटीपणा आहे, असं एका विद्वान सर्जननी नुकतंच एका पुरवणीत लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शरीरात आपोआप विरघळणाऱ्या पिना निघून जमाना झाला, परदेशातल्या मुलांना त्या मिळतात, आणि आपल्या मुलांच्या हातातून अजून तारांची टोकं डोकावतात. तारेवाटे जंतू शिरतात, मूल घाबरतं, आणि मुख्य म्हणजे तार काढायला दुसरं ऑपरेशन लागतं. तेव्हा सरकारी योजनेत या पिना घाला आणि तारा भंगारात काढा. लेखासोबत फोटो होता, एका गुबगुबीत मुलाचा, हातात टेडी. भिवंडीतल्या कुठल्या वॉर्डात ते मूल काही मला भेटलेलं नाही.

इथे भेटतात ती मुलं संक्रांतीच्या आगेमागे पतंगापायी गच्चीवरून पडलेली, कापडाच्या ताग्यांच्या थप्पीवरून घसरलेली, माळ्याच्या शिडीवरून सटकलेली. वय बहुधा पाच ते सात. पडताना हात पुढे येतो, कोपर उलटं ताणलं जातं आणि दंडाचं हाड कोपराच्या जरा वर, जिथे ते सर्वांत पातळ असतं, तिथे मोडतं. मुलांच्या कोपराचं सर्वाधिक आढळणारं फ्रॅक्चर हेच. गार्टलंड या सर्जननी १९५९ साली त्याचे तीन प्रकार केले. पहिला प्लास्टरवर बरा होतो, तिसऱ्यात हाडाचे दोन तुकडे पार वेगळे होतात आणि तारांची वेळ येते.

आता ते 'दुसरं ऑपरेशन'. सर्जनसाहेबांचा सगळा डोलारा याच खांबावर उभा आहे, म्हणून जरा तपशिलात जातो. मुलाला भूल द्यायची, हात ताणून हाड जागेवर आणायचं, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी पाहायचं, आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन, फार तर तीन तारा कातडीतून थेट हाडात सरकवायच्या. चीर नाही, टाका नाही. टोकं बाहेर ठेवून वाकवायची, वर कच्चं प्लास्टर. तीन-चार आठवड्यांनी ओपीडीत पट्टी सोडायची, पक्कडीने टोक धरायचं, ओढायचं. बरीच मुलं पक्कड पाहूनच भोकाड पसरतात, आणि तार ट्रेमध्ये टण्णकन पडली की रडं मध्येच थांबतं, कारण जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. भूल नाही, थिएटर नाही, उपाशीपोटी यायला नको. याला जे ऑपरेशन म्हणतात त्यांनी नखं काढायलाही थिएटर बुक करावं.

शिवाय तार काढायला यावं लागतं, हाच मला तिचा मोठा गुण वाटतो. यंत्रमागावर काम करणारी कितीतरी कुटुंबं उत्तर प्रदेशातली, तेलंगणातली. मंदी आली, लग्न निघालं, की बिऱ्हाड गावाला. हाताबाहेर तारेचं टोक दिसत असेल तर आई गावी जायचं आठवडाभर लांबवते. आणि ते पोर समोर बसलं की फक्त तार निघत नाही. कोपर किती वाकतं, अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करता येतो का, करंगळीला बधिरपणा आहे का, हात आतल्या बाजूला झुकतोय का, हे सगळं तेव्हाच दिसतं. पिन आत विरघळणार म्हटल्यावर कोण येतंय? 'डॉक्टरने सांगितलं, आपोआप जाईल.' ते खरंही असतं. जाते फक्त पिन. कोणी म्हणेल, तार असतानाच गावाला गेले तर? जातात काही. पण बाहेर आलेली तार तिथल्या डॉक्टरलाही दिसते. आत विरघळत असलेल्या पिनेचा मागमूस त्याला कागदाशिवाय लागत नाही, आणि कागद कुठे असतो ते आपण जाणतोच.

थिएटरमधली अडचण तर साहेबांनी गाळलीच. ही तार, म्हणजे के-वायर, स्वतःच हाडात वाट काढते. चुकली तर मागे घेऊन पुन्हा घालता येते, आणि प्रत्येक वळसा पडद्यावर दिसतो. विरघळणारी पॉलिमरची पिन स्वतः हाड भेदत नाही. आधी ड्रिल, मग ड्रिल काढायचं, मग त्याच भोकातून पिन. ड्रिल निघालं की जेमतेम बसवलेलं हाड सरकायला मोकळं. वर ही पिन एक्स-रेत दिसत नाही. रात्री अकरा वाजता, सुजलेल्या हातात, न दिसणारी वस्तू न दिसणाऱ्या भोकात घालायचा हा खेळ ज्यांना आधुनिक वाटतो त्यांना तो लखलाभ.

त्यांच्या पुराव्याबद्दल. मेलबर्नच्या डॉक्टरांची १९९१ची एक चाचणी आहे, तारा विरुद्ध पॉलिग्लायकोलिक ॲसिडच्या पिना, मुलं एकूण २४. निष्कर्ष पिनांच्या बाजूने झुकतो, हे मी लपवत नाही. पण ही सगळी फ्रॅक्चरं सांधा उघडून बसवायची होती. न उघडता बसणाऱ्या हाडाला तो दाखला लावायचा म्हणजे भलत्याच खटल्याचा निकाल या कोर्टात वाचून दाखवायचा. उलट या पिना १९८४च्या सुमारास पहिल्यांदा वापरणाऱ्या हेलसिंकीच्या मंडळींनीच १९९०मध्ये ५१६ रुग्णांचा हिशेब मांडला. ४१ जणांच्या शरीराने त्या नाकारून जखमेतून द्राव बाहेर टाकला होता. ते बहुतेक मोठ्या माणसांचे घोटे होते, आणि पुढची पॉलिमर्स सुधारली, हेही खरं. पण ज्यांना तारेभोवतीचा जंतुसंसर्ग एवढा टोचतो त्यांनी हा आकडा गाळावा?

तारेचा संसर्ग शंभरात एक-दोघांना होतो, बहुधा वरवरचा. मूल घाबरतं, ते इंजेक्शनलाही घाबरतं. आणि परदेशात या फ्रॅक्चरला आजही पहिली पसंती तारेलाच आहे.

हा वाद ऐकताना मला हाडवैद्यांवरचं जुनं भांडण आठवतं. 'आमच्या आजीचा हात त्यांनीच बसवला' म्हणणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं हुज्जत घातली आहे. आजीचा हात मनगटाशी मोडला होता, आणि ती कांदा चिरू शकत होती म्हणून तो बसला असं घरात ठरलं होतं. पण सहा वर्षांच्या कोपराला तेलमालिश करून वर कामट्या आवळल्या की काय होतं? सूज आत वाढते, रक्तपुरवठा तुटतो, आणि सहा-एक तासांत पुढच्या हाताचे स्नायू मरू लागतात. फोल्कमान या सर्जननी हे १८८१मध्ये लिहून ठेवलं. पुढे बोटं आखडतात ती जन्मभरासाठी. माझ्या मते हाडवैद्याचे भक्त आणि पिनेचे भक्त यांच्यात एक साम्य आहे. दोघांनाही वाटतं की हात वाचतो तो वर बांधलेल्या किंवा आत घातलेल्या वस्तूमुळे.

हात वाचतो तो पहिल्या काही तासांत आणि हाड नीट बसल्यामुळे. दंडाची वाढ ८० टक्के खांद्याकडून होते, कोपराकडून जेमतेम २० टक्के. म्हणून इथे वाकडं जुळलेलं हाड वाढत्या वयात सरळ होत नाही. पिन कसलीही असो, वाकडं ते वाकडंच. मुलाची चिडचिड वाढते आहे, औषधाचा डोस पुरत नाही, बोटं सरळ करताना ते किंचाळतं, ही आत वाढणाऱ्या सुजेची लक्षणं रात्रपाळीच्या नर्सला कळणं मला कुठल्याही पॉलिमरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. भिवंडीहून ठाण्याला किंवा परळला निघालेलं मूल अंजूर फाट्याच्या नाहीतर राजनोलीच्या कोंडीत अडकतं तेव्हा त्याच्या कोपरात काहीच घातलेलं नसतं. तेव्हा उपयोगी पडतं ते अर्धवट सरळ ठेवलेलं कोपर, सैल बांधलेलं कच्चं प्लास्टर आणि मनगटावर कोणाचं तरी बोट.

मग विरघळणाऱ्या पिनांना जागाच नाही का? आहे. कोपराच्या बाहेरच्या कडेचा तुकडा सांध्यासकट सुटतो तेव्हा अनेकदा उघडूनच बसवावा लागतो. तिथे तारा कातडीखाली पुरल्या तर काढायला खरोखर दुसरी भूल लागते. आतल्या बाजूचा उंचवटा निखळला, कूर्चेचा लहानसा तुकडा सांध्यात मोकळा झाला, अशा वेळी ही पिन जरूर वापरावी. महात्मा फुले योजनेत तेवढ्यापुरती तिची तरतूद करा, मी सहीला तयार आहे. पण सरसकट सगळ्या कोपरांसाठी तिचे पैसे मागणार असाल, तर त्याआधी उपजिल्हा रुग्णालयांत रात्री चालू राहणारा सी-आर्म, तो चालवणारा माणूस आणि भूलतज्ज्ञ यांचे मागा.