गोदामाच्या आवारात कोणती खडी टाकावी?

गोदाम बांधताना आपले व्यापारी बांधव शटर, पत्रे आणि दर्शनी भागाच्या फरशीची फार काळजी घेतात. आवारात काय भरायचे हे मात्र ट्रकवाल्यावर सोडून दिले जाते. तो स्वस्तात मिळेल ते आणून ओततो. मग पहिल्याच मोठ्या पावसात टेम्पो रुततो, हमाल चिखलातून गाठी वाहतात आणि एखादी गाठ खाली पडली की खडीत वाचवलेले पैसे तिथेच बुडतात.

माझे स्पष्ट मत आहे की मालाची वाहने जिथे येतात तिथे नदीतले गोटे टाकूच नयेत. गोटे दिसायला सुंदर असतात, पण गुळगुळीत असल्यामुळे एकमेकांत अडकत नाहीत आणि चाकाचा भार आला की सरकतात. खाणीतला काळा दगड यंत्रावर फोडला की खडी टोकदार निघते. तिच्या कडा एकमेकींत गुंततात. ताणा-बाणा जाणणाऱ्याला हे जास्त समजावून सांगायला नको. परंतु एकाच मापाची खडी पसरून थांबणेही चूक आहे. 40 मिमी खडीमधल्या पोकळ्या बारीक खडी आणि कच घालून, पाणी मारून, रोलरने दाबून भरल्या पाहिजेत. तरच थर एकजीव होतो.

खडीच्या खाली काय आहे, हा त्याहून मोठा प्रश्न. मालेगाव, सोलापूरकडे बऱ्याच जागी काळी जमीन आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली तर खडी मातीत जाते आणि माती वर येते. म्हणून वरची काळी माती काढून चांगला मुरूम दाबून घ्यावा, ट्रक येणार असेल तर त्यावर डबराचे सोलिंग करावे आणि मगच खडी. मुरूम घेताना मूठभर ओला करून चोळून पाहा. हाताला चिकट गाऱ्यासारखा लागला तर तो परत पाठवा, मग भाव कितीही कमी असो.

आता मापाचे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. 40 बाय 25 फुटांच्या आवारात 4 इंच सैल थर द्यायचा तर सुमारे 333 घनफूट, म्हणजे साडेतीन ब्रासला थोडी कमी खडी लागते. दाबल्यावर तो थर 3 इंचांच्या आसपास उरतो. ट्रकची लांबी, रुंदी आणि मालाची उंची आतून स्वतः मोजावी. वाटेत हादऱ्याने खडी खाली बसते, म्हणून माप खाणीवर धरायचे की जागेवर, हे बयाणा देण्याआधीच ठरवावे. कापडाच्या थानात अर्धा मीटर कमी आला तर आपण भांडतो आणि इथे अर्धा ब्रास डोळे मिटून सोडतो! मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, हे पुरवठादार बांधवांनीही ध्यानात ठेवावे.

वर काँक्रीट किंवा ब्लॉक बसवायचे असले तरी खालचा थर हाच ठेवावा. दर 50 फुटांना 1 फूट उतार गटाराकडे द्यावा, गोदामाच्या दाराकडे नव्हे. आणि रोलरचे काम मे महिन्यातच उरकून घ्यावे. जूनमध्ये ओल्या मातीवर रोलर चालत नाही.