इन्सुलिन आणि आईची रोजंदारी

बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी १९२३ साली इन्सुलिनचे पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. कात्रजच्या डोंगरउतारावरील मजुराला मात्र मधुमेही मुलीसाठी तेच औषध जन्मभर पुरवायचे आहे. ते टिकवायला फ्रीजही हवा! औषधाचे निदान बिल तरी होते. आईची बुडालेली रोजंदारी कोणत्याच हिशेबात येत नाही. मुलगी वर्गात घामाघूम होऊन थरथरू लागली तर तत्काळ साखर द्यावी, हे शिक्षकांना शिकविलेले नसते. मग आईच शाळेच्या दाराशी बसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांची दखल घेतली. हा मधुमेह त्या यादीत नाही. पालिकेच्या शाळांत परिचारिका नेमाव्यात, ही मागणी कार्यकर्त्यांनी आता लावून धरावी.