मे महिन्यात नेपाळच्या बालगृहात टीम नेऊ नका



ईस्टर झाला की आपल्या मंडळ्यांमध्ये मेच्या मिशन ट्रिपची बोलणी सुरू होतात. नेपाळ सोयीचं पडतं. व्हिसा लागत नाही, गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीला सीमा ओलांडली की पुढे बस. कार्यक्रमात एखाद्या बालगृहासाठी दोन-तीन दिवस हमखास राखलेले असतात. कृतिगीतं, व्हीबीएस म्हणजे सुटीतली बायबल शाळा, खाऊ, वह्यांचं वाटप आणि फोटो. माझी कळकळीची विनंती आहे, हे दिवस कार्यक्रमातून काढा आणि आत्ताच काढा. एकदा तिकिटं निघाली, विशेष अर्पण गोळा झालं, की मागे फिरायची कोणाची तयारी नसते.

2015 च्या भूकंपानंतर युनिसेफने सांगितलं होतं, की नेपाळच्या बालगृहांतल्या 85 टक्क्यांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात आहे. मग मुलं तिथे आली कशी? 1996 ते 2006 या यादवीच्या वर्षांत हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल फिरत होते. पोराला काठमांडूच्या चांगल्या शाळेत घालतो, असं सांगून ते आईबापांकडूनच पैसे घ्यायचे. मूल शहरात पोचलं की आईबाप वारल्याचे खोटे कागद तयार व्हायचे. यादवी संपली, धंदा राहिला. बालगृहं कुठे आहेत तेही पाहा. नेपाळात 75 जिल्हे होते तेव्हा नोंदणी झालेली सुमारे 90 टक्के बालगृहं पाचच जिल्ह्यांत होती: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि कास्की, म्हणजे पोखरा. हे काही सर्वांत गरीब जिल्हे नव्हेत. पाहुणे येतात ते जिल्हे आहेत. पाहुण्यांत आपणही आलो.

भूकंप झाला तो शनिवार होता, 25 एप्रिल. नेपाळी मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, त्यामुळे कितीतरी विश्वासी प्रार्थनेतच गेले. मदतीच्या नावाखाली मुलं पळवली जातील या धास्तीने तिथल्या सरकारने नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. आपल्या वह्या-खाऊच्या पिशव्या या पार्श्वभूमीवर तिथे पोचतात.

सगळीच बालगृहं फसवी नाहीत. पदरमोड करून मुलं सांभाळणारे पाळक तिथे आहेत. पण चांगल्या बालगृहातही आपली तीन दिवसांची माया मुलाच्या कामाची नाही. अनोळखी माणसाच्या मांडीवर धावत येऊन बसणारं मूल पाहून आपले डोळे भरून येतात. खरं तर काळजी वाटायला हवी. घरात वाढलेलं लहान मूल परक्याला पाहून आईच्या पदराआड लपतं. दर महिन्याला नवी टीम, नवे मामा-मावशी, नवा निरोप, असं ज्याचं बालपण जातं त्याला लपायला पदरच नसतो. आणि आपल्या मुलांच्या शाळेत असा अनोळखी गट कॅमेरे घेऊन शिरला, तर आपण मुख्याध्यापकांना सोडू का?

मुलांना गाणी आणि वचनं शिकवताना कायद्याचंही भान हवं. 2018 पासून लागू असलेल्या नेपाळच्या दंडसंहितेनुसार धर्मांतर घडवण्याच्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपण आठवड्यात परत येतो. चौकशीला तोंड द्यायला मागे उरतो तो तिथला पाळक.

कोणी पंडिता रमाबाईंचं नाव घेईल. जरूर घ्यावं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना त्यांनी केडगावात आणलं आणि 1922 साली डोळे मिटेपर्यंत त्या मुलींसोबतच राहिल्या. तेवढी तयारी असेल त्याला कोण अडवणार?

या ट्रिपांआधी याकोबाच्या पत्रातल्या पहिल्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या वचनावर संदेश ठरलेला असतो. त्या वचनात अनाथांच्या जोडीला विधवाही आहेत, त्या मात्र आपल्या कार्यक्रमात कुठेच नसतात. पोराला दूर पाठवणारी बाई अनेकदा अशी विधवाच असते. तिच्या हाताला काम मिळालं, गावातल्या शाळेची फी भरली गेली, तर पोर तिच्याजवळच राहील. महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना याच विचारावर चालते, त्यात नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी महिना 2,250 रुपये मिळतात. आपल्या वस्तीत या योजनेचे अर्ज भरून द्यायलाही कोणी लागतंच की.

ज्या मंडळ्या आधीपासून एखाद्या बालगृहाला पैसे पाठवतात, त्यांनी ते एकदम बंद करू नयेत, उपाशी मुलंच राहतील. आधी विचारा: किती मुलांचे आईवडील हयात आहेत? ती शेवटची घरी कधी गेली? कोणाला कायमचं घरी पोचवायचा प्रयत्न चालू आहे का? सरळ उत्तरं मिळाली तर तीच रक्कम हळूहळू मुलांना घरी पोचवण्याकडे आणि तिथे त्यांच्या शिक्षणाकडे वळवा. उत्तरं टाळली गेली किंवा काही वावगं दिसलं, तर नेपाळातही बालकांसाठीचा मदत क्रमांक आपल्यासारखाच 1098 आहे.

तिकिटं काढून झाली असतील तर जा, पण बालगृहात नको. तिथल्या मंडळीसोबत शनिवारची उपासना करा. टीममध्ये नर्स, शिक्षक, इलेक्ट्रिशियन असतील तर तिथल्या मोठ्या माणसांना काय शिकायचंय ते आधी फोन करून विचारा. मागच्या वर्षीचे मुलांचे फोटो फेसबुकवरून आजच काढा.

पाळकांनी हे पत्र येत्या रविवारी सूचनांच्या वेळी वाचून दाखवावं आणि तरुण संघाची बैठक आगाऊ रक्कम भरण्याआधी घ्यावी. त्या बैठकीला महिला मंडळालाही बोलवावं.