काळी खिडकी फक्त इंजिनिअरांची?

‘टर्मिनल इंजिनिअरांसाठी असतं, आपल्या पोरांना टायपिंग आलं म्हणजे झालं.’ नालासोपाऱ्यात हे मी पालकांकडून कमी, शिक्षकांकडूनच जास्त ऐकतो. मी उर्दू-मराठी शिकवतो, संगणकाचा माणूस नव्हे. तरी हे बोलणं मला मुलांवरचा अन्याय वाटतो.

मुलाला उर्दू फॉन्ट हवा असतो तेव्हा तो काय करतो? कुठल्यातरी साइटवर चार हिरवी बटणं दिसतात, त्यातलं एक दाबतो. नाहीतर टेलिग्रामवर कोणीतरी टाकलेली क्रॅक फाइल घेतो. चोरीचा माल, वर व्हायरस. याला आपण संगणक येणं म्हणतो!

आता उबुंटू किंवा डेबियन टाकलेल्या जुन्या संगणकावर इंग्रजी अक्षरांत ‘एपीटी सर्च उर्दू’ लिहून बघा. नफीस फॉन्टचं पॅकेज समोर येतं. उर्दूच्या जागी मराठी लिहा: लिब्रेऑफिसची मराठी आवृत्ती, ॲस्पेलचा मराठी शब्दकोश, छापील पानावरची अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टची मराठी. सगळं फुकट. ‘एपीटी शो’ म्हटलं की पॅकेज कोण सांभाळतं, किती जागा घेतं, सोबत काय काय लागतं, तेही कळतं. यादी संगणकातच साठवलेली असते, त्यामुळे मोबाइलचा डेटा संपला तरी शोध चालतो. आमच्याकडे ही लहान गोष्ट नाही.

‘हे तर व्हिडिओत बघून कॉपी करता येतं,’ असं एका सरांनी मला ऐकवलं. येतं ना. 2017 साली एनपीएमवर ‘क्रॉस-एन्व्ह’ या पॅकेजच्या नावातली आडवी रेघ काढून कोणीतरी नकली पॅकेज ठेवलं होतं. बसवणाऱ्याच्या संगणकातली गुप्त माहिती ते बाहेर पाठवत होतं. एका रेघेचा फरक! शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या आम्हा शिक्षकांनाच हे समजायला हवं. पायथनवाल्यांचा ‘पिप सर्च’ तर सर्व्हरवरचा ताण झेपेना म्हणून डिसेंबर 2020 पासून बंद आहे. जुन्या व्हिडिओतून तो उतरवणारा मुलगा नुसती एररच बघत बसतो.

आणि माझा खरा राग आपल्यावरच आहे. हाच शोध देवनागरीत ‘मराठी’ लिहून केला तर जवळजवळ काही हाती लागत नाही, कारण वर्णनं इंग्रजीत. बरं, आपल्या भाषेचं नाव कुठे ‘एमआर’, कुठे ‘एमएआर’. उर्दू कुठे ‘यूआर’, कुठे ‘यूआरडी’. हे मुलाला कोणी सांगायचं? डेबियनमध्ये पॅकेजांच्या वर्णनांचा अनुवाद स्वयंसेवक करतात, त्याला इंजिनिअरची पदवी लागत नाही. दोन्ही लिप्या येणारे आपण मात्र ‘उर्दू बचाव’च्या जलशाला हॉल कोणता घ्यायचा यावर तीन-तीन बैठका घेतो.

शाळेत विषय काढला तर उत्तर ठरलेलं असतं: अभ्यासक्रमात नाही.